किसनमामांनी मागे घेतलेला अर्ज

नाव विचारलं की किसनमामा क्षणभर थांबायचे आणि मगच सांगायचे, "किसन वाघमारे." पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाची गोष्ट. मी नांदेडहून तिथं कारकून म्हणून आलो होतो. जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून दप्तर येत होतं. त्यात निजामाच्या काळातले कागदांचे बस्ते, सगळे उर्दूत. आम्हा नव्या कारकुनांना एक अक्षर लागत नव्हतं. अर्ज लिहून घ्यायला रांगेत उभे असलेले मामा माझ्या टेबलावर वाकले. "चाकूरची जमीन हाय ही, भाऊसाहेब. अन् कागद तुमी उलटा धरलाय." साहेबांनी त्यांना त्याच दिवशी रोजंदारीवर ठेवून घेतलं.

ही उर्दू ते शाळेच्या व्हरांड्यात बसून शिकले होते. त्यांच्या वस्तीतल्या पोरांना वर्गात घेत नसत. "मास्तर आतून बोलायचा, मी बाहेरून घोकायचो. ऐकून शिकलेलं इसरत न्हाई," असं ते अभिमानानं सांगत. पुढे ते फौजेत गेले आणि तिथं एका अधिकाऱ्याच्या कानावर ही उर्दू पडली. मग त्यांना नमाज शिकवली गेली, दुसरं नाव दिलं गेलं आणि काश्मीरच्या वादातल्या डोंगरांतून सीमेपलीकडे पाठवलं गेलं. "पुलावरून किती गाड्या गेल्या ते मोजायचं अन् परत यायचं. बास," मामा म्हणायचे.

दोनदा परत आले. तिसऱ्या खेपेला सापडले. सोबत दिलावर नावाचा जोडीदार होता. त्याचं खरं नाव मामांनाही ठाऊक नव्हतं. मार खाऊन दोघंही एकच सांगत राहिले, की आम्ही चोरटा माल नेणारे आहोत. त्यातच नऊ वर्षं तिकडच्या तुरुंगात गेली. इकडे गावी फौजेचा कागद आला होता : किसन वाघमारे, फरार.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांची बायको गयाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मुकादम हजेरी घेताना तिचं नाव घेत नसे, "फरारीची बायको" म्हणून हाक मारी. मामा सुटून आले तेव्हा त्यांनी तिलाही सांगितलं, की मी मुंबईकडं भटकत होतो. मला सांगितलं ते केवळ अर्ज लिहून हवा होता म्हणून. त्यात पैसा, जमीन, नोकरी काही मागितलेलं नव्हतं. मागणी एका ओळीची होती : मी पळालो नव्हतो, एवढं सरकारनं लिहून द्यावं.

बऱ्याच महिन्यांनी त्या अर्जाचं उत्तर घेऊन साध्या कपड्यांतला एक माणूस दप्तरखान्यात आला. मी उठायला लागलो तर मामांनी मला बसवलं. "अर्ज ह्यांच्या हातचा हाय. ऱ्हाऊ द्या त्यांना."

"कागद मिळेल," तो माणूस म्हणाला. "पण असे कागद तिकडंही वाचले जातात. दिलावर अजून आत आहे. चोरटा म्हणूनच."

मामा ताडकन उभे राहिले. "जिता हाय?"

"आहे."

मामा हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहत होतो. मग ते खाली बसले आणि बराच वेळ हातातल्या बस्त्याची गाठ सोडत, बांधत राहिले. "मी पळालो न्हवतो असं तुमी लिहिलं, तर मी चोरटा न्हवतो, अन् त्यो बी न्हवता असं झालं. मंग त्याला फाशी," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : मी नोकरीतून पळून गेलो होतो. अर्ज मागे घेत आहे.

तो माणूस गेल्यावर मी चिडलो. "निदान गयाबाईंना तरी सांगा!"

"सांगितलं तर ती गावाला सांगल. अन् का सांगू नये तिनं? लई ऐकलंय भाऊसाहेब तिनं." त्यांनी मला गप्प राहायचं वचन द्यायला लावलं.

चार वर्षांनी मामा गेले. तुरुंगातल्या ओलीनं धरलेली छाती शेवटपर्यंत सुटली नाही. मी चाकूरला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा गयाबाईनं मला आत बोलावलं.

"तुमच्यापाशी बसायचे ते. खरं सांगा, पळाले होते का?"

मी वचन मोडलं. सगळं सांगितलं. ती रडली नाही. खडी फोडून वाकड्या झालेल्या बोटांकडे बघत तिनं एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्याला आई हाय का?"

मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी भाकरी घेऊन आली. टोपली ठेवत समजुतीच्या सुरात म्हणाली, "फौजेतून पळाला म्हून काय झालं गया, मरताना तर तुझ्यापाशी होता."

मी गयाबाईकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

"हाव," ती म्हणाली. "पळून आले होते."