दिघेबाईंचा तळहात

दिघेबाई कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढून आधी इन्व्हर्टरपाशी जात. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यावर तळहात ठेवत आणि मगच खुर्चीत बसत. रोह्यात छपरांवर सोलर पॅनेलं चढू लागली तेव्हापासूनची ही खोड. आमच्या शाळेत त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं आणि मी गणित. निवृत्तीनंतरही नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून त्या आमच्याकडे चहाला यायच्या.

मी सोलर बसवला तेव्हा हिशोब पक्का होता: पाच वर्षांत पैसे वसूल, मग बायकोला अंदमान. तिनं अंदमानसाठीच साठवलेले पैसे माझ्या शब्दावर दिले होते. इन्व्हर्टर मी घासाघीस करून स्वस्तातला आणला. वर धूळ बसू नये म्हणून त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवून घेतलं. मापं मीच दिली. आमची मांजर दुपारभर त्यावर झोपायची.

"बघा बाई, मांजरीलासुद्धा सोलर आवडला," मी कौतुकानं दाखवलं.

बाईंनी मांजर उचलून खाली ठेवली, कव्हराखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अरे मास्तर, ही तुझ्या पैशांवर झोपलीय! पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून द्यायची, हे याचं काम. त्यात जेवढी वाया जाते, तेवढा हा तापतो. आधीच हलका माल, त्यात तू स्वेटर घातलास! फार तापला की काम पण कमी करतो तो. गणितात हे धरलंस की नाय?"

नव्हतं धरलं. माझ्या गणितातला इन्व्हर्टर घेतलेलं सगळं पुढे देत होता. असा प्राणी मला शाळेच्या कमिटीतही कधी भेटला नव्हता.

"धरलंय की. सात वर्षं," मी तिथल्या तिथे दोन वर्षं वाढवली.

"म्हणजे अंदमान सातव्या वर्षी?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

कव्हर निघालं, पण इन्व्हर्टर बदलायला मी तयार नव्हतो. पेणच्या पुतण्याकडे तेवढीच पॅनेलं, तेवढंच ऊन, फक्त इन्व्हर्टर चांगला. त्याचं बिल माझ्याहून कमी यायचं. त्याच्या घरात माणसं कमी आहेत, असं मी सांगत सुटलो. खरं तर त्याच्याकडे रोज पंगत बसते.

पुढच्या पावसाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. आम्ही दोघं भेटायला गेलो.

"हात ठेव रे. तापलंय का?"

"थोडंसं."

"म्हणजे वाया चाललंय," म्हणून त्या हसल्या. मला हसता येईना. मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "माझे केव्हाच वसूल झाले गो. आता हाय तो नुसता फायदा. याचं गणित सुटायची वाट बघत बसू नको. अंदमान बघून ये."

आठवड्याभरात बाई गेल्या. मी चांगला इन्व्हर्टर आणला. बिल उतरलं, पण नव्याची किंमत धरता वसुली आणखी लांबली. ती तशीच लांबलेली ठेवून आम्ही अंदमानला जाऊन आलो. परतल्यावर मांजर नव्या इन्व्हर्टरवर चढली, जरा बसली आणि नाक मुरडून निघून गेली. मी हात ठेवून पाहिला. जेमतेम कोमट होता. बाईंना सांगायला हवं, असं अगदी ओठांवर आलं आणि मग फार एकटं वाटलं.

हल्ली मी कुणाच्याही घरी गेलो की चपला काढून आधी तिकडेच जातो.