कानबाईखालचं निळं भांडं

आई आषाढात गेली.

वर्षभर घरात सण झाला नाही. पुढच्या श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी मांडायची वेळ जवळ आली, तेव्हा वहिनीने फडताळातून आईचं निळ्या काचेचं भांडं काढलं. खाली फुगीर, मध्ये बारीक कंबर, वर वाटीसारखं तोंड. त्या वाटीत आई कानबाईचा नारळ बसवायची आणि त्याला नथ घालायची.

माझे काका, आबा, धुळ्याहून आले होते. म्हणाले, "गोरा साहेबना बंगलानी पिकदाणी शे हाई."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" वहिनीने विचारलं.

"तुन्ही सासूले कोन सांगी?"

वहिनीने भांडं खाली ठेवलं. "पिकदाणीवर मी देवी बसवणार नाही."

आईची जन्मभराची पूजा एका शब्दाने उष्टी झाली. मला ते मानवेना.

जळगावच्या वाचनालयात बसून मी जुन्या काचसामानाची पुस्तकं चाळली. पिकदाणीचं तोंड पसरट असतं, थाळीसारखं. आमच्या भांड्याची वाटी खोल होती. बुडाला घडवताना काच धरलेली सळई तोडल्याची खरखरीत खूण होती, म्हणजे ते तोंडाने फुंकून घडवलेलं. शेवटी बागकामाच्या एका इंग्रजी पुस्तकात तसंच चित्र सापडलं. विलायतेत थंडीच्या दिवसांत फुलांचे कंद घरात पाण्यावर वाढवत. वाटीत कंद, खाली पाणी, कंबरेतून उतरणारी मुळं.

आबांना चित्र पटलं नाही. "पुस्तकमा काय बी छापतस."

मग मी भांड्यात पाणी भरलं आणि वाटीत कांदा ठेवला.

"चातुर्मासात कांदा, तोही देवीच्या जागी," वहिनी पुटपुटली. पण रोज सकाळी आधी तीच बघायला जायची. आठवड्याभरात पांढरी मुळं कंबरेतून खाली सुटली आणि वर हिरवी पात आली. आबा वाकून बराच वेळ काचेतून बघत राहिले.

"पिकदाणी नही शे," ते म्हणाले. "तुन्ही मायनी नारळनी जागा बरोबर वळखी."

वहिनीने कांदा परसात लावला. भांडं चिंचेने घासलं, गंगाजलाने धुतलं आणि रविवारी स्वतःच्या हाताने त्यावर नारळ बसवला. आरतीला सगळ्यांत मोठा आवाज आबांचा होता. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

आता आई नाही. कानबाई त्याच भांड्यावर बसते.