सासूबाईंच्या गेमवरचा काळा ठिपका

सासूबाईंचा व्हिडिओ गेम माझ्या हातून मेला. आधी आजारी होता, पण मेला माझ्याच हातून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. थोरल्या दिरांनी दुबईहून पोरांसाठी विटा रचायचा हातातला गेम आणला आणि रोह्याच्या आमच्या घरात तो बळकावला सासूबाईंनी! देवपूजा आटोपली की झोपाळ्यावर बसून ज्या विटा रचायच्या, त्या थेट जेवणाच्या हाकेपर्यंत. तोवर स्वयंपाकघराकडे फिरकत नसत. (ज्यांना सासू नाही, त्यांना या सुखाची कल्पना यायची नाही.)

एके दिवशी पडद्याच्या मधोमध एक काळा चौकोन अडकून बसला. हलेना, पुसला जाईना. सासूबाई त्याला वीट समजून चुकू लागल्या, वैतागल्या आणि गेम ठेवून माझ्या फोडणीपाशी येऊन उभ्या राहिल्या. गेम सुधारलाच पाहिजे!

शेजारचे भाऊजी धाटावला कंपनीत मीटरं दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "वहिनी, बोटाला मऊ फडकं गुंडाळा नि ठिपक्यावर हलकं दाबा. हलकं हां."

आता मी पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना, साच्यात शाडू दाबण्यात उभं बालपण गेलेलं. तिथे हलकं दाबलं तर गणपतीचा कान साच्यातच राहतो! त्यामुळे माझं हलकं म्हणजे गुडघे टेकून, अंगठ्यावर सगळा देह तोलून. (देह तेव्हाही भरदारच होता.) 'कट्' असा आवाज आला. मूर्ख बाई हरखली, वाटलं ठिपका सुटला. तो सुटला नव्हता, पसरला होता. चौकोनाचं जांभूळ झालं, जांभळाचं वांगं झालं.

शहाणीने निदान तिथे थांबावं? छे! आमच्याकडे मूर्तीवर डाग पडला तर कोणी रडत बसत नाही, वरून रंग मारतात. मी पोरांच्या रंगपेटीतून पडद्यासारखा राखाडी रंग कालवला आणि ते वांगं असं बेमालूम झाकलं, की माझं मलाच कौतुक वाटलं.

सासूबाई खेळायला बसल्या. वरून वीट आली, माझ्या रंगामागे गेली ती गेलीच. दुसरीही गेली. त्यांनी नखाने रंग खरवडला, आतलं वांगं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं शेजारच्या भाऊजींवर ढकलू लागले, ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. गेम फळीवर ठेवला, पदर खोचला आणि शेगडीजवळ पाट मांडून बसत म्हणाल्या,

"जाऊ दे गो. आता मला तरी दुसरं काय काम हाय? दाखव, आमटीत काय काय घातलंस ते."