बारीक तारांच्या चाव्या

मॅन्डोलिन काकूची, पण ती सुरात लावायची काकांनी. आमच्या घरातला हा कायदाच होता. काकांना स्वतःला गाण्याची एक ओळ धड वाजवता येत नव्हती. कधी गुणगुणायला लागले तर काकू आतल्या खोलीतून विचारायची, "अहो, कुठे दुखतंय का?" पण आठ तारा एकमेकींशी जुळवायच्या म्हटल्या की त्या माणसाचा रुबाब बघण्यासारखा असायचा. बाह्या दुमडून, चष्मा पुसून, घरातल्या सगळ्यांना गप्प करून मगच ते हात लावत.

मी त्यांच्याकडे कॉलेजसाठी राहायला आले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड माझे आणि बोलणीही मलाच. काका छापखान्यात फिटर होते. छपाईच्या मोठ्या यंत्रांच्या धडधडीत उभा जन्म गेल्यामुळे ते घरातही यंत्रावरून पलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलत. गुपित सांगायचं झालं तर ते जिन्यापर्यंत ऐकू जाई. शर्टाच्या खिशात तेलाची छोटी कुपी कायम, त्यामुळे सगळी इमारत त्यांना मागे 'कुपी' म्हणायची. कुणाचं दार करकरलं की हे बोलावण्याची वाट न बघता हजर. एकदा वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या फिरत्या खुर्चीला यांनी न विचारता तेल दिलं आणि वकीलसाहेब मांडीवरच्या कागदांसकट मागे आडवे झाले. त्यानंतर ते काकांना पाहिलं की आधी खुर्चीचा हात धरत.

मॅन्डोलिन काकूने माहेराहून आणली होती. तिचे वडील वाजवत, त्यांच्याकडून ती शिकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत या दोघांना एकमेकांशी बोलायला विषयच सापडत नव्हता, असं काकूच सांगायची. एका दुपारी ती खिडकीत बसून तारा ताणत होती आणि चावी कुरकुरली. झालं. कुपी बाहेर आली. काकांनी तेल घातलं, मग चावी फिरवून बघितली, मग दुसरी फिरवली. काकू म्हणाली, "जरा वर." काकांनी जरा वर नेली. "आता थोडी खाली." थोडी खाली आणली. संसाराचं पहिलं संभाषण ते एवढंच, पण त्या दिवसापासून तारा लावायचं काम काकांकडे गेलं ते कायमचं. पुढे त्यांनी सुराची एक छोटी शिट्टी मिळवली, आपल्या जाड बोटांत चाव्यांची बोंडं मावत नाहीत म्हणून छापखान्यातल्या पितळेच्या तुकड्याचा एक नाजूक पाना घडवला, आणि काकूच्या हातून चावी काढूनच घेतली. कुणी तिला विचारलं तर ती म्हणायची, "ते पिळापिळीचं काम मला नाही बाई जमत. ते यांचं खातं."

रविवारी जेवणं आटोपली, भांडी झाली की दोघं गॅलरीत बसत. काका शिट्टी फुंकत, जाड तारांपासून सुरुवात करून एकेक जोडी लावत बारीक तारांपर्यंत येत आणि मॅन्डोलिन दोन्ही हातांनी काकूच्या मांडीवर ठेवत. मग काकू त्यांना काहीतरी आणायला पाठवी. "अहो, माझा चष्मा आत राहिला." "अहो, तांब्याभर पाणी आणता का?" मला त्याचा फार राग यायचा. एवढ्या मन लावून तारा लावल्या त्या माणसाने, त्याला दोन मिनिटं टेकू तरी द्यावं. मी एकदा तसं बोललेही. काकू म्हणाली, "तू तुझं बघ." काका परत येईपर्यंत तिने सुरुवात केलेली असे. ते तांब्या ठेवून भिंतीला टेकून बसत आणि पुढचा तासभर त्यांच्या चेहऱ्यावर, हे सगळं मीच चालवतोय, असा भाव असे. ते दिवस आठवले की मला अजूनही त्या गॅलरीच्या फरशीचा गारवा तळपायांना जाणवतो. तेव्हा वाटायचं हे असंच चालणार आहे.

काका निवृत्त झाले आणि त्याच सुमारास चाव्यांनीही मान टाकायला सुरुवात केली. जुन्याच त्या. चार चाव्या एका पट्टीवर, चार दुसरीवर, प्रत्येकीला एक दातेरी चाक. एकीचं बोंड तुटलं होतं, तिला काकांनी बटण बसवलं होतं. दुसरीचं चाक सुटायचं, तिला पत्र्याची पाचर होती. मागची तारा अडकवायची पट्टीही गंजून हलायला लागली होती. मी हौसेने वाद्यांच्या दुकानातून नवा सगळा संच आणला. चकचकीत पट्ट्या, बंद डब्यातली चाकं, दोन बोटांत अलगद फिरणाऱ्या चाव्या, मागची जाड पट्टी. वाटलं होतं काका खूश होतील. त्यांनी डबा उघडला, एक चावी फिरवली आणि डबा बंद केला.

"नाकापेक्षा मोती जड," म्हणाले.

त्यानंतर महिनाभर कारणं चालली. हवा दमट आहे. नव्या धातूचा आवाज वेगळा येतो. पट्टीवरची नक्षी काकूला आवडणार नाही. काकूने नक्षी आवडली म्हणून सांगितलं, तेव्हा ती फार लवकर हो म्हणते असं निघालं. यंत्राचा सुटा भाग बदलायला ज्याने जन्मात कधी टाळाटाळ केली नाही, तो माणूस आठ चाव्यांपुढे अडून बसला होता. शेवटी जिन्यात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, अडचण काय आहे ती एकदा सांगा. ते त्यांच्या परीने हळू आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यापुरतं, म्हणाले, "एवढ्या मऊ चाव्या असल्या तर ती स्वतःच लावेल. मग मी रविवारी काय करायचं?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

प्रश्न पाचरीनेच सोडवला. एका रविवारी ऐन रंगात पाचर निसटली, जाड तार सैल पडली आणि मॅन्डोलिन घसा बसल्यासारखी घोगरली. काकूने ती पेटीत ठेवली आणि शांतपणे म्हणाली की आता दुरुस्त होईपर्यंत ती वाजवणार नाही. दोन रविवार गॅलरी मुकी राहिली. काका वर्तमानपत्र उलटं धरून बसत. तिसऱ्या रविवारच्या आधी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि डबा कुठे ठेवलास म्हणून विचारलं. अडला हरी, तेव्हा गाढव कोण ते सांगायला नको.

काकू बाजारात गेली होती. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून काकांनी तारा उतरवल्या, स्क्रू काढले आणि दोन्ही पट्ट्या चादरीवर ठेवल्या. डोळ्याला भिंग लावून ते एकेक चाक बघू लागले. ती त्यांची सवयच होती. झिजलेला भाग टाकण्याआधी तो कशाने झिजला ते बघायचंच. छापखान्यात म्हणे नवीन माणसाने जुना भाग न बघता टाकला तर काका त्याला कचऱ्यातून तो शोधायला लावत.

बघता बघता ते थांबले. पट्टी उजेडाकडे नेली, परत बघितली. दुसरी पट्टी घेतली. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"सहा चाकं सारखी झिजलीत," म्हणाले. "ही दोन बघ. बारीक तारांची. यांचे दात निम्मे उरलेत."

मी म्हटलं की बारीक तारा लवकर उतरत असतील, जास्त फिरवाव्या लागत असतील.

"फिरवणारा मीच ना? आणि मी फिरवतो पान्याने." त्यांनी बाकीची बोंडं दाखवली. प्रत्येकाच्या कडेवर पान्याचे ओरखडे होते. त्या दोन चाव्यांच्या बोंडांवरही ते असणार, पण वरून इतकी बोटं फिरली होती की ओरखडे पुसट होऊन बोंडं गुळगुळीत झाली होती. "हे बोटांनी झालंय. घरात माणसं किती आहेत?"

मग माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडला. राहिलेला चष्मा, तांब्याभर पाणी. काका आत गेले की काकू त्या दोन तारा उतरवून नीट लावत होती, आणि मला वाटायचं ती नुसती बोटं मोकळी करतेय. यंत्रांनी काकांचे कान कधी खाल्ले ते त्यांना कळलंही नव्हतं. बारीक सूर त्यांना नीट ऐकू येत नव्हता. ते दर रविवारी तो चुकवत होते, ती दर रविवारी तो दुरुस्त करत होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. आणि मी तिच्यावर रागावत होते.

काका खुर्चीत टेकले. त्यांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू ऐकला.

"कधीपासून बेसूर लावतोय मी?"

मला रडू येत होतं. मी म्हटलं, काका, असं काही नसेल. त्यांनी भिंग पुन्हा माझ्यासमोर सरकवलं. चाकाच्या दातांबद्दल या माणसाला फसवणं शक्य नव्हतं.

"तिला सांगू नकोस," पट्टी चादरीवर ठेवत म्हणाले. "इतकी वर्षं तिने मला कळू दिलं नाही. आता मला कळलंय हे तिला कळायला नको."

मग ते कामाला लागले. वाटलं होतं मनातून खचलेला माणूस उरकून टाकेल, तर उलटंच. जुन्या पट्टीवरच्या, तार गुंडाळायच्या दांड्यांमधलं अंतर आणि नव्यातलं अंतर केसाएवढं वेगळं होतं, आणि चौथ्या भोकापर्यंत जाता जाता तो केस चांगलाच जाड झाला होता. दुसरा कोणी असता तर कानशीने भोकं रुंद करून मोकळा झाला असता. काकांनी प्रत्येक जुन्या भोकात सरस लावून लाकडाची गुल्ली ठोकली, ती वाळू दिली, घासून सपाट केली आणि हाताच्या गिरमिटाने नवीन भोकं पाडली. दांड्या अलगद फिराव्यात म्हणून भोकांत पितळी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, बसवल्या. मागची पट्टी तीनदा लावून काढली, कारण ती मध्यापासून किंचित सरकत होती. काकूने विचारलं की एवढा वेळ का लागतोय, तर म्हणाले, "पुन्हा कुणाला हात लावावा लागू नये म्हणून." तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

रविवार आला. भांडी झाली. काका गॅलरीत बसले, नवीन तारा चढवल्या, शिट्टी फुंकली. पाना त्यांनी काढलाच नाही, नव्या चाव्यांना गरजच नव्हती. जाड तारांची जोडी लागली, मग पुढची, मग त्या पुढची. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

बारीक तारांशी आल्यावर त्यांनी हात काढला आणि मॅन्डोलिन काकूच्या मांडीवर ठेवली.

"या दोन आजपासून तू लाव."

काकू दचकली. मला कुठे जमतं ते, म्हणाली. काका म्हणाले की आता जोर लागत नाही, त्यांची बोटं आखडतात, आणि कुणीतरी शिकून ठेवलेलं बरं. "मी शेजारी बसून सांगतो ना. तशी फिरव."

तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजू लागले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी दोन माणसं शेजारी शेजारी बसली होती, आणि तिसरी मी.

काकूने चावी धरली, अगदी पहिल्यांदा धरल्यासारखी. तार छेडली, फिरवली आणि सूर पार पुढे नेला. वडिलांच्या मांडीवर बसून जी बाई तारा लावायला शिकली, तिचा हात असा चुकेल यावर माझा विश्वास नाही. काका म्हणाले, "जास्त झालं. खाली घे." तिने खाली घेतलं. "अजून थोडं. अजून."

मी वळून बघितलं. काका कान देऊन ऐकत नव्हते. त्यांची नजर तिच्या बोटांवर होती. बोटं हलत होती तोवर ते 'अजून' म्हणत राहिले. बोटं थांबली, चावीवरून अलगद उठली, तसे ते म्हणाले, "बस. आता बरोबर."

"तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार," काकू म्हणाली, आणि डोळे पुसून वाजवायला लागली.