लॅपटॉपातली गोल्टी

चहा पाजून सत्तरीच्या माणसाकडून त्याचाच गाढवपणा वदवून घेता? लाज वाटायला पाहिजे लेकाहो. एकदाच सांगतो, नीट ऐका.

सूनबाई रेखाला वेबसाईटचं पहिलं काम मिळत होतं. बेलापूरच्या कांदारोपांच्या नर्सरीचं. मालक दत्तू भालेकर त्या दिवशी अकरा वाजता बघायला येणार. पसंत पडलं तर ती घरूनच काम करणार, न्हाईतर पुण्याला नोकरी. म्हणजे नातीसकट घर रिकामं!

तिनं नेटवरून तयार साचा उतरवला होता. मला दाखवला. "आबा, ह्या सीएसएस फोल्डरात पानाचं रंगरूप. जेएसमधी हालचाल, दाबलं की मेनू उघडतो ती."

"बरं."

ती गाईला वैरण टाकायला गेली. मी चष्मा लावला. बघतो तर प्रत्येक फाईल दोनदा! नाव तेच, एक मोठी, एक बारकी. बारकीच्या नावात इंग्रजी तीन अक्षरं जास्त. उघडली, तर सगळा मजकूर एकाला एक चिकटलेला. ना जागा, ना ओळ.

आता आमी जन्मभर काय केलं? कांदा बाजारात न्यायच्या आधी ढिगातली बारीक गोल्टी बाजूला काढली. म्हटलं, पोरीला निवडायला सवड झाली न्हाई. बसलो निवडत. बारकी एक ठेवली न्हाई. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली! मशीन विचारतंय, नक्की? म्हटलं, व्हय बाबा, नक्की.

भालेकर आला, चहा प्याला. रेखानं पान उघडलं. रंग गायब. फोटो भिंतीएवढे. मेनू दाबला तर ढिम्म! पोरीचा चेहरा उतरला.

"आबा, तुमी हात लावला?"

"निवडलं फक्त. बारीक माल काढला."

"अहो, दोन्ही फायलींत मजकूर एकच! पान लवकर उघडावं म्हणून मधल्या मोकळ्या जागा काढून बारकी फाईल केलेली असते. माझं पान तिलाच हाक मारतंय!"

नात डोळ्यांपुढं पुण्याच्या एसटीत चढली. रेखानं मात्र पानात बारक्या फायलींच्या जागी मोठ्यांची नावं टाकली. दोन मिनिटांत रंग आला, मेनू उघडला.

"बघ, मोठ्यांवर भागलं की!" मी म्हणालो. गप बसायला काय झालं होतं?

भालेकर उठला. "ताई, काम तुमचंच. पण आबांना माझ्या नर्सरीत पाठवू नका. तिथं समदा मालच बारीक हाय."

सून पदर तोंडाला लावून हसली. चूक माझी, कबूल. पण माझाच चहा पिऊन मला असं बोलावं? माफी मागायची राहिलीय ती दत्तू भालेकरनं.