आधी जिथे दुखत नाही तिथून

सुगत कांबळे कुठल्याही मुलाला तपासायला गेला की पहिला प्रश्न विचारायचा, "आज कुठे दुखत नाही?"

त्या वॉर्डात दिवसभर याच्या उलट प्रश्न चालायचा. नर्स विचारायच्या, मोठे डॉक्टर विचारायचे, आम्ही विद्यार्थी विचारायचो, कुठे दुखतंय बाळा, आणि बाळ आईच्या पदरात तोंड खुपसायचं. सुगत मात्र खाटेशेजारी उकिडवा बसायचा, म्हणजे त्याचं डोकं मुलाच्या डोक्यापेक्षा खाली यायचं, आणि पत्ता विचारावा इतक्या सहज विचारायचा. मूल विचारात पडायचं. कुणी म्हणे कोपर, कुणी म्हणे करंगळी. औषधांनी डोकं पार गुळगुळीत झालेल्या एका मुलाने "केस" असं उत्तर दिलं आणि स्वतःच खुदकन हसला. मग सुगत त्या कोपरापासून किंवा डोक्यापासून सुरुवात करायचा आणि सावकाश दुखऱ्या जागेपर्यंत यायचा. तोवर ते मूल त्याचं झालेलं असायचं. शेजारच्या खाटेपाशी मी उभी असायचे, गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप, समोर भोकाड पसरलेलं मूल. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आम्ही तेव्हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांचा आणि कॅन्सरचा वॉर्ड होता, तिथे आमची तुकडी शिकायला पाठवली होती. माझी मामेबहीण थॅलेसेमियाची. तिच्या अंगात पुरेसं रक्तच तयार होत नसे, म्हणून तिला सतत बाहेरून रक्त चढवावं लागे. लहानपणी कितीतरी दुपारी मी तिच्या खाटेवर बसून पिशवीतलं रक्त ठिबकताना पाहिलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं की आपण याच मुलांचे डॉक्टर व्हायचं. बाकीच्यांना तो वॉर्ड म्हणजे एक पोस्टिंग होतं, उरकायचं. मला तो माझ्या हक्काचा वाटत होता. आणि तिथे काळाचौकीच्या चाळीतून चालत येणारा, केस कधी धड न विंचरलेला हा मुलगा येऊन माझ्या आधी स्थानापन्न झाला होता.

मला पुस्तकातलं सगळं यायचं. त्यालाही यायचं, हे अधिक संतापजनक. त्याला काही येत नसतं आणि तो फक्त गोड बोलून वेळ मारून नेत असता तर मी त्याच्यावर आनंदाने प्रेम केलं असतं. पण रक्ताच्या थेंबाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हा दोन क्षण बघायचा आणि म्हणायचा, "मृणाल, हे बघ ना यार, किती बिचाऱ्या दिसतात या पेशी." आणि निदान बरोबर असायचं. मी त्याला एकदा विचारलं की तो प्रश्न तुला कुणी शिकवला. तो म्हणाला, "कुणी नाही गं. पुस्तकातच आहे. आधी जिथे दुखत नाही तिथून हात लावायचा. तू पण वाचलंयस." वाचलं होतंच. मी त्या ओळीखाली लाल रेघही मारली होती.

त्याची आई हिंदमाताच्या साडीवाल्यांकडून फॉल-बीडिंगचं काम घरी आणायची. उरलेल्या ब्लाउजपिसांच्या ती टोप्या शिवायची आणि सुगत त्या वॉर्डात वाटायचा. मोरपिशी, जांभळ्या, जरीच्या काठाच्या. मी गिरगावातून महागाची चित्रांची पुस्तकं आणली. ती मुलांनी जेवणाच्या ताटाखाली अंथरली, आणि टोप्यांसाठी मारामाऱ्या झाल्या. एकदा अभ्यासाला म्हणून तो आमच्या घरी आला. माझे वडील डॉक्टर, सहसा कुणाशी चार वाक्यांवर बोलत नाहीत, ते त्याला दवाखाना दाखवायला घेऊन गेले. आई त्याला आग्रह करकरून वाढत होती आणि तो "काकू, आमटी एक नंबर," म्हणत ओरपत होता. पुढे कित्येक महिने मी घरात पाऊल टाकलं की आईचा पहिला प्रश्न असे, सुगतचं कसं चाललंय. माझं कसं चाललंय हे नंतर, वेळ उरला तर.

आमच्या युनिटच्या प्रमुख सबनीस मॅडम. बारीक अंगकाठी, हळू आवाज, आणि त्या हळू आवाजात माणसाला पार सोलून काढण्याची हातोटी. दर तुकडीतल्या एकाच विद्यार्थ्याला त्या इंटर्नशिपमध्ये आपल्या हाताखाली घ्यायच्या. ज्याला घेतलं त्याचा पुढचा रस्ता सोपा झाला असं सगळेच म्हणायचे. पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षेवरून त्या निवड करायच्या. मला ती जागा हवी होती. माझ्यासारखी ती आणखी कुणाला हवी असेल हे मला पटतच नव्हतं.

परीक्षेत माझ्या वाट्याला यश आला, सहा-सात वर्षांचा, माझ्या बहिणीसारखाच थॅलेसेमियाचा. नेहमी रक्त चढवून घ्यायला यायचा, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ओळखायचा. माझं नशीब उघडलं असं मला वाटलं. मी उकिडवी बसले. आवाज मऊ केला. विचारलं, "यश, आज कुठे दुखत नाही?"

यशने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, "तू नको विचारू. तो सुगतदादाचा प्रश्न आहे."

आणि त्याने पोटावरची चादर दोन्ही हातांनी घट्ट धरली. कशीबशी चादर सोडवून मी पोट तपासलं. या मुलांची प्लीहा सुजते. ती डाव्या बरगड्यांखाली असते आणि सुजली की तिरपी खाली, बेंबीकडे उतरते. म्हणून पोटाच्या उजव्या बाजूला अगदी खालून सुरुवात करायची आणि हात वर सरकवत न्यायचा, म्हणजे तिची कड बोटांना लागते. वरूनच सुरुवात केली तर हात थेट सुजलेल्या प्लीहेवरच पडतो, कड लागतच नाही, आणि माणसाला वाटतं काही नाहीच. हे मी इतरांना शिकवलेलं. पण यश रडायच्या बेतात होता, मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, आणि मी घाईघाईने बरगड्यांखाली हात ठेवला. प्लीहा लागत नाही, असं मी ठणकावून सांगितलं.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं, हात खाली उजव्या बाजूला नेऊन ठेवला आणि सावकाश वर आणला. बेंबीच्या आसपासच ती कड लागली. भाकरीच्या कडेसारखी जाड, स्पष्ट. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तिच्याच डोक्यावर हात ठेवून ती कुठे आहे म्हणून विचारत होतात."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी सुगतचं नाव जाहीर केलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, तेवढ्यात सुगत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला नको. मृणालला द्या ना. तिचं खूप मन आहे."

का नको, ते त्याने सांगितलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही. जागा मला मिळाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या वस्तूसाठी मी वर्षानुवर्षं तळमळले ती याने खिशातला रुमाल काढून द्यावा तशी मला काढून दिली होती. हरले असते तर रडून मोकळी झाले असते. हे तर हरणंही धड नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला ते कळायला बरेच दिवस लागले, कारण तो बोलतच राहिला.

पुढे मी मुलांच्या रक्ताच्या आजारांचं शिक्षण पुरं केलं आणि त्याच वॉर्डात रुजू झाले. सुगतने रक्तपेढीतलं काम घेतलं. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, चार भिंतींत, शीतकपाटांच्या घरघरीत. सगळे हळहळले की एवढा गुणी मुलगा पिशव्या सांभाळत बसला. तो मात्र मजेत होता. आंबेडकर जयंतीला, गणपतीत, लालबाग-काळाचौकीच्या मंडळांना पटवून रक्तदान शिबिरं भरवायचा. मुलांसाठी प्लेटलेट्स हव्या असल्या की मला त्याच्याशी बोलणं भाग पडे, आमचं फोनवर भांडण व्हायचं, आणि प्लेटलेट्स वेळेवर वर यायच्या. तो स्वतः मात्र कधी वर आला नाही. जिना चढून दोन मजले, तेवढंच अंतर. शिपायाला पाठवायचा.

एकदा मी भांडायलाच खाली गेले होते. त्याने चहा मागवला. मी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं, की तू तेव्हा ती जागा का सोडलीस, माझ्यावर उपकार म्हणून?

"वेडी आहेस का," तो म्हणाला. "सानिका आठवते? वडाळ्याची?"

आठवत होती. रक्ताचा कॅन्सर झालेली, मोरपिशी टोपीवाली. आमच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती गेली. सुगत रोज सकाळी आधी तिच्या खाटेशी जायचा आणि ती त्याला रोज नवी जागा सांगायची. नाकाचा शेंडा. डावी टाच. तिच्याकडे जागा साठवलेल्या असाव्यात.

"शेवटी शेवटी एकदा मी गेलो," तो म्हणाला. "विचारायला तोंड उघडलं. ती म्हणाली, दादा, आज विचारू नको. म्हणजे अशी जागाच उरली नाही, हे तिला मला सांगायला लागू नये म्हणून, कळतंय का तुला? मला वाईट वाटू नये म्हणून." तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. "त्यानंतर मला कुणाला विचारता येईना. आणि न विचारता हात लावता येईना, परीक्षेत कसाबसा लावला तेवढाच. मग वर येऊन करू काय?"

मला त्याचं फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशी पुन्हा तेच, जुनं. मी आता त्या वॉर्डाची डॉक्टर होते. मुलं माझं ऐकायची, औषधं घ्यायची, बरी होऊन घरीही जायची, पुष्कळ जायची. पण मला दुःख होऊ नये म्हणून कुणी मूल असं काही बोललं नव्हतं. मरणाच्या दारातल्या मुलीने याची काळजी केली, याचाही मला हेवा वाटला. यावर मला कुणी नावं ठेवली तर ठेवोत.

त्या चहानंतर मी तो प्रश्न विचारायला लागले. यशने मना केल्यापासून टाळला होता. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सवय झाली. मुलं उत्तरं देऊ लागली. हल्लीचे विद्यार्थी त्याला मॅडमचा प्रश्न म्हणतात. मी त्यांना दरवेळी सांगते की हा प्रश्न तळमजल्यावरच्या कांबळे सरांचा आहे. सांगताना दात ओठ खाते, पण सांगते.

गेल्या वर्षी माझ्याकडे मुक्ता होती, दहा वर्षांची. तिचा आजार एकदा बरा होऊन उलटला होता. पोरगी बोलकी, तिखट, माझ्या साड्यांना गुण देणारी. एका सकाळी मी तिच्याजवळ उकिडवी बसले. आता गुडघे कुरकुरतात, तरी बसते. तोंड उघडलं, तेवढ्यात तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, "मॅडम, आज नका ना विचारू."

इतकी वर्षं त्याच्याकडे होतं म्हणून मी जे मागत होते, ते मला मिळालं होतं.

मी जिना उतरून तळमजल्यावर गेले. सुगत पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "आज विचारू नको." त्याने मान हलवली. खुर्ची पुढे ओढून दिली आणि पुन्हा चिठ्ठ्या चिकटवायला लागला. मी बसले. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला नाही. आयुष्यातला तेवढा एकच दिवस.

कारण दुसऱ्या सकाळी मी वर गेले तर मुक्ता उशीला टेकून बसली होती. चेहरा फिकट, पण डोळे जागे. डोक्यावर जांभळी टोपी होती, जरीच्या काठाची. मी विचारलं की ही कुठून आली. ती म्हणाली, काल संध्याकाळी खालचे रक्तवाले काका स्वतः पिशवी घेऊन आले होते. खूप वेळ बसले. घाबरलेले वाटत होते, म्हणून तिनेच त्यांना बोलतं केलं.

"मग काय विचारलं काकांनी?"

"तुमचाच प्रश्न," मुक्ता म्हणाली. "मी सांगितलं त्यांना. कानाची पाळी."

मला तिने विचारूही दिलं नव्हतं, आणि त्याला कानाची पाळी. जीव जळला माझा, अगदी यशच्या चादरीपाशी जळला होता तसा. मी हात धुतले, कोरडे केले, तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, आणि कानाच्या पाळीपासून सुरुवात केली.