मारेगावातच बनलेलं गिअर

दोस्तहो, आज लय खुशी झाली म्हणून लिहून राह्यलो.

माझ्या पोरीनं, शबानानं, आपल्या वर्कशॉपसाठी सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लोखंड कापायची मशीन, घेऊ म्हटलं, तेव्हा मीच बोललो होतो, "कापसाचे हे हाल, गिऱ्हाइकाजवळ पैसा नाही, अन् तुले मशीन कायले पाहिजे?" तरी तिनं ती घेतलीच.

आज सकाळी गावच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या मिलचं, गिअर तुटलं. कापसाच्या गाड्या फाटकावर अडकल्या. नागपूरहून गिअर यायले आठवडा लागला असता. शबानानं तुटक्या गिअरचं माप घेतलं, कॉम्प्युटरवर डिझाइन काढलं अन् मशीनवर दुपारपर्यंत नवं कापून दिलं.

ते बसवलं अन् जिनिंग सुरू झाली. एका शेतकऱ्यानं मले विचारलं, "उस्ताद, तुम्ही बनवलं?"

"नाही भाऊ, माझ्या पोरीनं."

तुमच्या लेकरानं तुम्हाले असं कधी खोटं पाडलं का?